दोन्ही रकान्यांत एकच नाव

"बाई, हे चुकलंय," मी म्हटलं आणि अर्ज खिडकीतून परत सरकवला. "तक्रार करणाऱ्याचं नाव छाया बाजीराव निकम. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचंही नाव छाया बाजीराव निकम. खालच्या रकान्यात बिल्डरचं नाहीतर एजंटाचं नाव लिहायचं असतं."

"एजंटाचंच लिवलंय," खिडकीपलीकडची बाई म्हणाली. "मीच हाय एजंट."

"मग वर ग्राहकाचं नाव लिहा."

"ग्राहक तक्रार करंनात, ताई. म्हणून मीच केली."

मी पहिल्यांदा मान वर करून नीट पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, खांद्याला रेक्झिनची पिशवी. वेडी दिसत नव्हती. वेडी माणसं आमच्या खिडकीवर येत नसत असं नाही, पण ती इतकी शांत नसत.

घरबांधणीवर देखरेख ठेवणारं राज्य सरकारचं जे प्राधिकरण आहे, त्याच्या पुण्यातल्या कचेरीत मी तेव्हा छाननीच्या टेबलावर होते. कायदा नवा होता. बिल्डरांनी आपला प्रकल्प सरकारदरबारी नोंदवायचा, एजंटांनी स्वतःची नोंदणी करून नंबर घ्यायचा आणि तो पाटीवर, जाहिरातीत, सगळीकडे लावायचा. नंबराशिवाय दलाली केली तर दंड. नंबर घेऊन खोटं बोललं तर नंबर रद्द. माझं काम आलेल्या अर्जांतल्या चुका काढण्याचं. हे काम मला जन्मतःच येत होतं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे.

एजंट या जातीबद्दल माझं मत तेव्हा फारसं बरं नव्हतं. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणून सांगणारी आणि चालायला लागलं की घाम काढणारी ती मंडळी. दंड चुकवायला रडणारे एजंट मी पाहिले होते, वशिला लावणारे पाहिले होते, पेढे घेऊन येणारेही पाहिले होते. "मला शिक्षा करा" म्हणत आलेली ही पहिलीच.

"काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"खोटं बोलले. हिर ऱ्हानार म्हणाले, आन् बिल्डर ती बुजवायला निघालाय."

विहीर म्हटल्याबरोबर माझी ट्यूब पेटली. "विट्याची इमारत? त्या म्हाताऱ्या माणसांची?"

"व्हय. तीच."

ती म्हातारी माणसं माझ्या चांगली लक्षात होती. सांगली जिल्ह्यातलं विटा म्हणजे गलाईवाल्यांचं गाव. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं म्हणजे गलाई. हा धंदा करायला तिकडची तरुण माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर पांगलेली. कुणी कोइमतूरला, कुणी कानपूरला, कुणी अमृतसरला. आईबाप मात्र गावाकडे. विट्यात एक नवी इमारत झाली आणि या पोरांनी आपापल्या आईबापांसाठी तिथे फोनवरून घरं घेतली. इमारतीच्या आवारात जुनी, बांधीव, उन्हाळ्यातही न आटणारी गोड्या पाण्याची विहीर होती. त्या दुष्काळी भागात माणसं फरशा आणि खिडक्या बघून घर घेत नाहीत, पाणी बघून घेतात. आता सगळी घरं विकून झाल्यावर बिल्डर धनवडे विहीर बुजवून तिथे गाड्यांसाठी जागा करणार होता. मुरूम येऊन पडलाही होता.

म्हाताऱ्यांनी आमच्याकडे तक्रार केली. पहिल्या तारखेला बिल्डरचे वकील पारसनीस उभे राहिले आणि दोन वाक्यांत मोकळे झाले. करारात विहिरीचा शब्द नाही. मंजूर नकाशात त्या जागी पार्किंग दाखवलेलं आहे.

आमचे सदस्य केळुसकरसाहेब सुनावणी घेत. त्यांनी म्हाताऱ्यांना विचारलं, "विहीर राहणार, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

सगळ्यांनी एकदम आपापल्या चपलांकडे पाहिलं.

"कोणीतरी सांगितलं असेल ना? बिल्डरनं? एजंटनं?"

त्यांच्यातले दगडूतात्या पवार म्हणाले, "आसंच कळलं, सायेब."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पुढच्या तारखेपर्यंत पुरावा आणा, तोवर विहिरीला हात लावू नये, पुरावा नसेल तर तक्रार काढून टाकावी लागेल, असं सांगून त्यांनी मंडळींना परत पाठवलं. 'आसंच कळलं' हे उत्तर आमच्या कचेरीत नंतर कितीतरी दिवस चेष्टेत चाललं. चहा गार आहे हे कसं कळलं? आसंच कळलं.

"म्हणजे सांगणाऱ्या तुम्ही होतात," मी खिडकीतून म्हटलं. "मग त्यांनी तुमचं नाव का घेतलं नाही?"

बाईंनी चष्मा पुसला. "माझा नंबर जाईल म्हणून. आमचे मालक कानपूरला गलाई करायचे. ते गेल्यावर मी गावाकडं आले आन् ह्या धंद्यात पडले. ह्याच्यावरच घर चालतं माझं. त्यास्नी ठावं हाय ते. वैनीचं नाव घ्यायचं न्हाई, आसं समद्यांनी ठरवलंय. मी हात जोडून सांगितलं, माझ्यावर तक्रार करा. ऐकंनात."

"तुम्ही नकाशा पाहिला नव्हता?"

"न्हाई. धनवडे म्हणाला, वैनी, हिर ही आपल्या इमारतीची शान, बिनघोर सांगा. मी सांगितलं. बघायला पायजे हुता. नंबर दिला तवा तुमीच बजावलं हुतं, कागद बघितल्याबिगर बोलायचं न्हाई."

मी ते ऐकलं आणि मनातल्या मनात म्हटलं, अस्सं. तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करते. बिल्डर आणि एजंट आतून एक असणार. स्वतःहून आलेल्याला समज देऊन सोडतात, हे बाईला कोणीतरी सांगितलेलं असणार. ताकीद घेऊन ही सुटेल आणि प्रकरण मिटेल.

तरी अर्ज घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेबांनी दोन्ही रकाने वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचले.

"असा अर्ज घ्यावा, असं नियमात आहे का हो?"

"नाही, सर."

"घेऊ नये, असं आहे?"

मी आठवून पाहिलं. "तसंही नाही."

"कारण नियम करणाऱ्यांना असा माणूस सुचलाच नसेल," साहेब म्हणाले. "राहू दे दोन्ही रकान्यांत नाव. बिल्डरलाही नोटीस काढा. म्हाताऱ्यांच्या तक्रारीबरोबरच ऐकू."

सुनावणीच्या दिवशी पुकारा करण्याचं काम माझ्याकडे आलं. दालन फार मोठं नव्हतं. समोर साहेबांचं उंच टेबल, डाव्या हाताला अर्जदारांनी उभं राहायचं, उजव्या हाताला गैरअर्जदारांनी. मागच्या बाकांवर विट्याची म्हातारी मंडळी दाटीवाटीनं बसली होती. पहाटेच्या एसटीनं आली होती, पुरुषांच्या टोप्या आणि बायकांच्या पदरांवर अजून प्रवास दिसत होता. तात्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, आणि ती त्यांनी लहान मूल धरावं तशी दोन्ही हातांनी धरली होती.

"अर्जदार, छाया बाजीराव निकम!" मी पुकारलं.

छायावहिनी उठल्या, डावीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"गैरअर्जदार क्रमांक एक, छाया बाजीराव निकम!"

त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली, साहेबांना नमस्कार केला आणि चालत उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या. पारसनीस वकील खुदकन हसले. बाकीचेही हसले. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू.

"बाई," साहेब म्हणाले, "कुठल्यातरी एकाच बाजूला उभ्या राहा."

"मग हितंच," त्या म्हणाल्या, आणि उजवीकडेच राहिल्या. बिल्डर धनवड्याला त्यांना जागा द्यायला सरकावं लागलं.

साहेबांनी त्यांना सांगायला लावलं. त्यांनी खिडकीवर मला सांगितलं होतं तेच सांगितलं, शब्द फिरवला नाही. विहीर राहणार म्हणून मी घराघराला सांगितलं. विहिरीवर नेऊन दाखवलं. कागद बघितला नाही. चूक माझी.

मग साहेबांनी तात्यांना शपथ दिली. "पवार, या बाई म्हणतात ते खरं आहे? यांनी तुम्हाला विहिरीचं सांगितलं होतं?"

तात्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. "न्हाई, सायेब."

"काय?"

"वैनी हिरीचं कायबी बोलल्या न्हाईत. वय झालंय त्यांचं. इसरल्या असतील."

"तात्या!" वहिनी ओरडल्या. "शपथ घेतलीया तुमी!"

"वैनी, तुमी गप ऱ्हावा."

मागच्या बाकावरच्या एक आजी कुणी न विचारताच उठल्या. "सायेब, आमाला हिरीचं कुनी बोललं न्हाई. आमी हिरीसाठी घर घ्येतलंच न्हाई. आमाला पार्किंग आवडतं."

"गाडी आहे तुमच्याकडे?"

"न्हाई. पन आवडतं."

एकेक करून सगळे उठले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. त्यांचा बेत काय होता ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि हातातला कागद खाली ठेवावा लागला. ही माणसं आपली विहीर वाचवायला आलीच नव्हती. वहिनींना वाचवायला आली होती, आणि त्यासाठी विहिरीवर पाणी सोडायला तयार होती.

पारसनीसांना तर पडत्या फळाची आज्ञा. ते लगबगीनं उठले. "सर, खुद्द रहिवासीच शपथेवर सांगताहेत. कोणीही, कधीही विहिरीचं आश्वासन दिलेलं नाही. तक्रार इथेच संपली."

खरोखरच संपली होती. साहेबांनी पेन उचललं.

"सायेब, थांबा," छायावहिनी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. "तात्यांच्या पिशवीत काय हाय ते इचारा."

तात्यांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली. "भाकरी हाय."

"तुमच्या मुरलीनं कोइमतूरवरनं धाडलंय ते काढा, तात्या. त्याचा मला फोन आला हुता."

"ते घरी ऱ्हायलं."

"मांडीवर काय हाय मग?"

साहेब वहिनींकडे वळले. "काय आहे त्या पिशवीत?"

वहिनी बोलू लागल्या. गलाईवाला माणूस नमुना बघितल्याशिवाय सौदा करत नाही. घरं विकायची होती ती लांबच्या पोरांना, त्यांनी विहीर डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर वहिनींनी त्यांना त्या विहिरीच्या पाण्याची बाटली धाडली. आधी चव बघा, मग हो म्हणा. आणि बाटल्या दिल्या होत्या धनवड्यानं, इमारतीचं नाव आणि चित्र छापलेल्या, खास करून घेतलेल्या. भरून घेतल्या होत्या त्याच्याच माणसांनी, त्याच्यासमोर.

"पाणी तर पिऊन टाकलं असेल त्यांनी," साहेब म्हणाले.

"समद्यांनी पेलं. मुरलीनं निम्मं ठिवलं. त्यांची सवय आसती, सायेब. माल भट्टीत घालायच्या आदी त्यातला बारका तुकडा काढून लाखेनं बंद करून ठिवत्यात. उद्या गिऱ्हाईक तंटा करायला आलं तर दावायला. पाण्यालाबी पोरानं तसंच केलं."

सगळं दालन तात्यांच्या पिशवीकडे बघायला लागलं. साहेबांना पिशवी तपासायला सांगता आली असती. शिपाई पुढे झालाही होता. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. का थांबवलं हे मी पुढे कधी विचारलं नाही, पण त्या हाताबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

तात्या उठून उभे राहिले.

"सायेब, आता खरं बोलतो. ही बाटली तुमच्यापुढं ठिवली तर वैनीचा नंबर जातो. न्हाई ठिवली तर हिर जाती. आमी रातभर इचार क्येला. हिर काय, आमी दुसरी खांदू. न्हाई लागलं पानी तर डोक्यावरनं आनू. आशी बाई कुठनं खांदून काढायची? माझी मालकीण दवाखान्यात हुती तवा पोरगा कोइमतूरला अडकल्याला. आठ-आठ दिस ही बाई उशाला बसली. तिच्या पोटावर मी पाय दिऊ?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

छायावहिनी आपली जागा सोडून त्यांच्याजवळ गेल्या. भर सुनावणीत गैरअर्जदारानं असं फिरायचं नसतं, पण अडवणार कोण? त्यांनी तात्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"तात्या, मुरलीनं घर कुणाच्या शब्दावर घेतलं?"

"तुमच्या."

"हिर बुजली तर माझा शब्द काय झाला?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"शब्द खोटा झाल्यावर नंबर ठिवून मी काय करू? कुनाला घर दावू? तुमी बाटली लपवून मला वाचवाय न्हाई लागला, तात्या. तुमी मला कायमची खोटी कराय लागलाय."

तात्यांनी डोळ्यांना टोपी लावली. मग पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि चालत जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. निम्मी भरलेली लहानशी बाटली. अंगावर इमारतीचं चित्र. झाकणावर लाल लाख, आणि लाखेवर कोइमतूरच्या दुकानाचा ठसा.

"ही बाटली तुमची?" साहेबांनी धनवड्याला विचारलं.

"अशा बाटल्या कुणीही छापून घेईल," पारसनीस म्हणाले. "आणि आत नळाचं पाणीही असू शकतं."

"असू शकतं," साहेब म्हणाले. "तपासायला पाठवू. बरोबर विहिरीचंही पाणी पाठवू. विहीर अजून बुजलेली नाही, हे आपलं सुदैव. दोन्ही नमुने जुळले नाहीत तर बाटली केराच्या टोपलीत टाकतो. जुळले, आणि तुमच्या पक्षकारानं शपथेवर नाही म्हटलेलं असलं, तर त्यांच्यावर खोटं बोलल्याचं प्रकरण मात्र वेगळं चालेल." त्यांनी धनवड्याकडे वळून त्यालाही शपथ दिली. "आता तुम्हीच सांगा. पाणी कुठलं?"

वकिलांनी अशिलाची बाही ओढली. पण धनवडे बाटलीकडेच बघत होता. तोही त्याच गावचा. त्याच्या वाडवडिलांनीही त्याच भागात घागरी वाहिल्या असतील. तो खालच्या मानेनं म्हणाला, "हिरीचंच हाय. मीच भरून दिल्यात. वैनीला तसं सांगा म्हणालो हुतो."

बाकांवर कुजबुज झाली. आजींनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या मनात आलं, झालं. विहीर वाचली, आणि ही बाईही वाचली. गुन्हा धनवड्यानं कबूल केला, बाईंना फसवलं गेलं होतं हे सिद्ध झालं. शेवट गोड.

आणि मग एक नवल घडलं. पारसनीस पुन्हा उठले आणि त्यांचा सूरच पालटला. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सर, एक विनंती. या भगिनींकडे सहानुभूतीनं बघावं. त्या प्रामाणिक आहेत. एजंट म्हणून त्यांच्यावर कुठलाही ठपका ठेवू नये, अशीच आमच्याही पक्षकाराची इच्छा आहे."

मला वकिलांबद्दल क्षणभर आदर वाटला. तात्यांनी तर बसल्या जागेवरून त्यांना हात जोडले. साहेबही निवळले. "माझ्याही मनात तेच आहे," ते म्हणाले. "बाई, तुमची फसवणूक झाली. ताकीद देऊन तुमच्याविरुद्धचं प्रकरण बंद करतो."

"नगा, सायेब," छायावहिनी म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली.

"मला सोडू नगा. मला सोडलं की हे वरच्या कोर्टात जात्याल. तितं म्हणत्याल, एजंटबाईवर ठपका न्हाई, म्हंजे बाई काय चुकीचं बोललीच न्हाई. बोलली न्हाई, तर हिरीचं वचन आलं कुठनं? धनवडे आज हो म्हणतोय, उद्या म्हणंल दबाव हुता. बाटली फुटंल. तात्या आन् मी काय कायम जगनार न्हाई." त्यांनी बाकांकडे हात केला. "ह्यांच्याजवळ हिरीचा कागद न्हाई. माझी शिक्षा हाच ह्यांचा कागद. त्यो नीट लिवा."

मी पारसनीसांकडे पाहिलं. ते खाली बसले होते आणि फायली आवरत होते. आवरण्यासारखं काही नव्हतं.

मी त्या दालनात बरीच वर्षं काढली. मोठे मोठे वकील तिथे तासन्‌तास बोलताना ऐकले. अंगावर काटा आला तो त्या एकाच दिवशी. कायद्यातली पळवाट शोधणारी माणसं मी रोज बघत होते. स्वतःच्या पोटावर पाय देऊन पळवाट बुजवणारं माणूस असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या बाईबद्दल 'तू मारल्यासारखं कर' म्हटलं होतं, आणि आता तिच्याकडे सरळ बघण्याची माझी छाती होईना.

टेबलावरची बाटली साहेबांनी उचलली, उजेडाकडे धरली, परत ठेवली. मग लघुलेखकाला म्हणाले, "घ्या."

त्यांनी सावकाश सांगितलं. विहीर राखली जाईल, असं आश्वासन घर घेणाऱ्या प्रत्येकाला देण्यात आलं. ते एजंटानं बिल्डरच्या सांगण्यावरून दिलं. मंजूर नकाशा न पाहता दिलं, हा एजंटाचा दोष सिद्ध. त्या आश्वासनाला बिल्डर बांधलेला आहे. विहीर बुजवू नये, नकाशा बदलून घ्यावा, विहीर रहिवाशांच्या संस्थेच्या ताब्यात द्यावी. इथे ते थांबले, पाणी प्यायले, आणि पुढचं वाक्य त्यांनी वहिनींकडे न बघता सांगितलं. गैरअर्जदार क्रमांक एक, छाया बाजीराव निकम, यांची एजंट म्हणून नोंदणी रद्द करण्यात येत आहे.

मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला. वहिनींनी मान डोलावली. बाजारात भाव पटल्यावर बायका डोलावतात तशी.

नोंदणी रद्द झाली की मूळ प्रमाणपत्रावर शिक्का मारण्याचं काम छाननीच्या टेबलाचं, म्हणजे माझंच. दालनातून बाहेर पडून त्या माझ्या खिडकीवर आल्या. मागे सगळी म्हातारी माणसं रांग लावून उभी, कुणाच्या लग्नाची वरात अडल्यासारखी. वहिनींनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट काढली. काचेमागे प्रमाणपत्र होतं. काचेवर कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं उठलेली.

"हे काय?"

"दसऱ्याला पुजतो की. धंद्याचं हत्यार न्हवं का." त्यांनी मागचे खिळे वाकवून कागद बाहेर काढला आणि खिडकीतून माझ्यापुढे ठेवला.

"वहिनी," मी म्हटलं. खिडकीवर आलेल्या माणसाला मी असं कधी म्हणत नसे. "आता पुढे काय करणार?"

"बघू. चपात्या लाटीन. ह्यांच्यातल्या निम्म्यांस्नी स्वैपाक हुईत न्हाई आताशा." त्या हसल्या. मग चष्मा लावून पुढे वाकल्या. "ताई, शिक्का तेवढा सरळ मारा हं. परत चौकटीत घालायचाय."

"रद्द झालेला?"

"व्हय. हिरीवर मोटरीची खोली हाय, तिथं लावणार. पुढं कवा इमारत दुसऱ्याच्या हातात जाईल, नवा कोणतरी ईल, इचारंल, हिर ठिवायची आसं म्हणालं कोण? तवा माणसांनी ह्याच्याकडं बोट दावायचं."

मी शिक्का उचलला. त्या शिक्क्यानं मी कितीतरी जणांचे नंबर घालवले होते, आणि एकदाही तो आधी मारून पाहिला नव्हता. मी तो खाली ठेवला, शाईची पेटी पुढे ओढली, कोऱ्या कागदावर एकदा मारून पाहिला. तिरका आला.

शेजारच्या टेबलावरचे सहस्रबुद्धे माझ्याकडे टकामका बघत होते. बसून मारला की शिक्का तिरका जातो, असं मी त्यांना सांगितलं, आणि खुर्ची मागे सारून त्या बाईसमोर उभी राहिले.

शिक्का सरळ बसला.